तिच्या हातची भाकर

मी अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी मिशनच्या एका कुष्ठरोग दवाखान्यात फिजिओ आहे. बाहेर कळलं की लोक हमखास विचारतात, तुम्हा ख्रिश्चनांना हेच काम बरं सुचतं, धर्म वाढवायला ना? आधी भांडायचे, आता नुसती हसते. (बाबा आमटेंना कोणी असं विचारलं असतं का, जाऊ दे.)

त्या दिवशी सकाळची भक्ती माझ्याकडे होती. ओपीडी उघडायच्या आधी पंधरा मिनिटं सगळा स्टाफ जमतो, एक गीत, एक वचन, प्रार्थना, की लागा कामाला. मी बायबलातला मार्कचा पहिला अध्याय घेतला, कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो तो. म्हटलं बघा, येशू आधी हात लावतो आणि मग बरा करतो, नुसत्या शब्दानेही झालं असतं की, पण त्या माणसाला किती वर्षांत कोणी हात लावला नसेल. चांगलं बोलले हो, खोटं कशाला सांगू. सिस्टर पण म्हणाल्या छान झालं.

साडेदहाला एक आजी आली. आशाताईंनी शोधून पाठवलेली, एमडीटीचा, म्हणजे कुष्ठरोगाच्या एकत्र द्यायच्या औषधांचा, तिसरा महिना, 12 महिन्यांचा कोर्स आहे तिचा. त्यातल्या क्लोफाझिमिनच्या गोळीने चेहरा काळवंडलेला, त्याचं तिला आजारापेक्षा जास्त वाईट वाटतं. उजवी करंगळी आणि शेजारचं बोट वाकलेलं, आणि तळहातावर हा एवढा फोड, फुटलेला. कसं झालं विचारलं तर म्हणे, "मले काय माहीत माय, नातवाले वास आला तवा पाह्यलं." तवा उतरवताना भाजलं होतं आणि तिला कळलंच नाही.

रगतपितीत बोटं गळतात असं अजून सगळे म्हणतात. गळत नाहीत. नस मेली की दुखत नाही, दुखत नाही म्हणून माणूस गरम धरतो, काटा रुतला तरी चालत राहतो, जखम चिघळते, आतलं हाड झिजतं आणि बोट आखूड होतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँडनी 1940 च्या दशकाच्या शेवटी हेच ओळखलं आणि चांगल्या स्नायूची दोरी फिरवून वाकडी बोटं सरळ करायची ऑपरेशनं सुरू केली. त्याआधी दुखणं ही चांगली गोष्ट आहे असं कोणाला वाटलं असेल? मी आजीला तवा फडक्याने धरायला शिकवलं, हात वीस मिनिटं पाण्यात भिजवून तेल लावायचं दाखवलं, बोटं सरळ धरून ठेवणाऱ्या स्प्लिंटचं माप घेतलं, ड्रेसिंग झालं. मध्येच ती सांगत होती की घरी ताट वेगळं, नवरा तर पहिला चट्टा दिसला तेव्हाच दुसरीकडे राहायला गेला. यात नवल नाही म्हणा, 2019 पर्यंत आपल्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं.

जाताना तिने पिशवीतून फडकं काढलं. ज्वारीची भाकर आणि ठेचा. "तुले आनली. सकाळीच केली, गरम होती." आणि त्याच हाताने, नुकत्याच बांधलेल्या पट्टीच्या हाताने, माझ्यापुढे धरली.

आता मी रोज दहा वेळा लोकांना सांगते की औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत लागण थांबते, हात लावून हा रोग होत नाही, 95 टक्के लोकांना तर मुळातच प्रतिकारशक्ती असते. सगळं पाठ आहे. तरी माझा हात पुढे गेला नाही. दोन सेकंद असतील फार तर. आणि तोंडातून निघालं, "आजी, माझा डबा आहे ना."

लगेच सावरून मी भाकर घेतली, तिच्यासमोर बसून खाल्ली, ठेचा जबरदस्त होता, डोळ्यातून पाणी आलं ते ठेच्याने असंच तिला वाटू दिलं. पण तिने पाहिलं होतं. वर मलाच सांभाळून घेत म्हणाली, "हो वं, जेवाचा टाइम झाला, तुयाजवळ डबा असनच." अशी माणसं बघितलेली आहेत तिने, माझ्यासारखी, खूप.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, शेवटी खाल्लीस ना, मग झालं. मला नाही झालं.

पुढच्या महिन्यात गोळ्यांचं पाकीट घ्यायला आली. फोड भरला होता, स्प्लिंट रोज रात्री बांधते म्हणाली, बोट थोडं हलत पण होतं, मी खूश. मग पिशवीत हात घातला. मी या वेळी हात आधीच पुढे करून ठेवला होता, खरंच. तिने पार्ले-जीचा पुडा काढला आणि टेबलावर ठेवला, माझ्या हातात नाही.

"बंद हाय, पाह्य," म्हणाली. "दुकानातून तसाच आनला. म्या उघडला नाई."