माझा अनुभव : नेझल स्वॅबमध्ये एमआरएसए सापडला तेव्हा

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग सुरू असताना लागोपाठ काही पेशंटच्या टाक्यांत पू झाला आणि कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीत, एमआरएसए नावाचा जंतू आला. मग वॉर्डात पेशंटला हात लावणाऱ्या सगळ्यांचे, म्हणजे सिस्टर, इंटर्न, मावशी आणि आम्हा विद्यार्थिनींचेही नाकाचे स्वॅब घेतले. माझा पॉझिटिव्ह आला. मला ताप नव्हता, सर्दी नव्हती, अंगावर साधी पुळीही नव्हती.

पहिला प्रश्न मनात आला तो असा : त्या पेशंटना माझ्यामुळे तर झालं नाही ना? मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना मी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘वॉर्डातून तुझ्याकडे आला की तुझ्याकडून वॉर्डात गेला, हे एका स्वॅबवरून कोणीच सांगू शकत नाही. तू कॅरिअर आहेस, म्हणजे जंतू नुसता तुझ्या नाकात राहतोय; आजारी नाहीस.’’ साधारण ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतोच. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन-रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस; त्याच्याच कुळातला, पण मेथिसिलिनला आणि पेनिसिलिनच्या घराण्यातल्या बहुतेक औषधांना दाद न देणारा. मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये असे जंतू सापडलेसुद्धा.

मॅडमनी माझ्या स्वॅबमधले जंतू वाढवलेली प्लेट दाखवली. मॅनिटॉल सॉल्ट अगरचा, म्हणजे जंतू वाढवायच्या थराचा, गुलाबी रंग जंतूंच्या वसाहतींच्या भोवती पिवळा झाला होता; स्टॅफिलोकॉकस ऑरियसची ही खूण. दुसऱ्या प्लेटवर सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची डिस्क, एमआरएसए ओळखण्यासाठी. औषध लागू पडत असेल तर तिच्याभोवती किमान २२ मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ दिसायला हवं. इथे वाढ जवळजवळ डिस्कला टेकली होती. एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवतीही तेच. आणि शेजारच्या क्लिंडामायसिनचं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं, थेट इंग्रजी ‘डी’सारखं. क्लिंडामायसिन वरवर चालतंय असं दिसलं तरी ऐन उपचारात दगा देऊ शकतं, हे त्या चपट्या कडेवरून कळतं. पुस्तकातलं हे चित्र मी परीक्षेसाठी कितीदा काढलं होतं. इथे त्या प्लेटवर माझा नंबर होता.

घरी फोन केला. आई म्हणाली, ‘‘अगं, दुखत काहीच नाही तर औषध कसलं?’’ मामांचं मेडिकलचं दुकान आहे. ते म्हणाले, ‘‘अझिथ्रोचा कोर्स घे, विषय संपला.’’ मी त्यांना समजावून सांगितलं की अझिथ्रो (अझिथ्रोमायसिन) एरिथ्रोमायसिनच्याच गटातलं, ते या जंतूवर चालणार नाही. उलट पोटातले, घशातले बाकीचे जंतू मात्र त्याला सरावतील. नुसत्या कॅरिअरला गोळ्या द्यायच्या नसतात. मामांना ते पटलं, याचं मला फार बरं वाटलं.

उपचार म्हणजे नाकात लावायचं २ टक्के म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम, सकाळ-संध्याकाळ, ५ दिवस. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं मलम कापसाच्या काडीवर घ्यायचं, दोन्ही नाकपुड्यांत पुढच्या भागात फिरवायचं आणि नाक चिमटीत दाबून सोडायचं. घशात किंचित चव उतरली म्हणजे पोचलं. नाकासाठीचं मलम पॅराफिनमधलं असतं. त्वचेच्या नेहमीच्या ट्यूबचा बेस वेगळा, तो नाकात झोंबतो. सोबत रोज ४ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंघोळ. अंग ओलं करून ते साबणासारखं लावायचं, काखा आणि जांघा नीट चोळायच्या, मिनिटभर ठेवून मग धुवायचं. डोळ्यांत, कानांत जाऊ द्यायचं नाही. टॉवेल आणि कपडे रोज धुतलेले. चादर बदलायची. मोबाईल, आयकार्डची दोरी, स्टेथोस्कोप पुसायचा.

मलमापेक्षा हॉस्टेलचा त्रास जास्त झाला. माझी बादली कोणीतरी वेगळी काढून ठेवली. मेसमध्ये शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनी असं वागावं, हे मला फार लागलं. ज्यांचा स्वॅब घेतलाच नाही त्यांच्या नाकात काय आहे, हे कोणाला माहीत? रिपोर्ट नोटीस बोर्डावर न लावता ज्याचा त्याला बंद पाकिटात द्यावा, असं मी आमच्या मॅडमना लेखी कळवलं. आता तसंच होतं.

मलम संपल्यावर किमान ४८ तास थांबून पुन्हा स्वॅब, मग आठवड्याच्या अंतराने आणखी. तोवर मला ड्रेसिंगला हात लावू दिला नाही. रेकॉर्ड आणि इन्व्हेंटरी पाहायची. सगळे स्वॅब निगेटिव्ह आले. मॅडमनी तरी बजावलं की काही महिन्यांत हा पुन्हा नाकात येऊ शकतो, आणि पुन्हापुन्हा म्युपिरोसिन वापरत राहिलं तर तेही निकामी होतं. आमच्याकडे मुली तीच ट्यूब मुरमांवर लावतात. ती मी आता खोलीत कोणाला लावू देत नाही.

पुढची पोस्टिंग एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. कमी वजनाच्या बाळांजवळ जायचं म्हणून मी स्वतःहून स्वॅब मागितला. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि सिस्टरांनी पहिल्याच दिवशी मला नळीवाटे दूध द्यायला शिकवलं.