तारेनं खाल्लेलं मॅग्नेशियम

त्या सकाळी फोंड्यातल्या आमच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि मी दारातच थबकले. सहांपैकी दोन उलट्या ब्युरेटमधलं, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या मापनळ्यांमधलं, द्रावण वायूने पार तळाला ढकललं होतं. उरलेल्या चारांत जेमतेम एक-दोन मिलीलिटर हायड्रोजन.

हाड सांधेपर्यंत धरून ठेवणारा आणि मग शरीरातच विरघळून जाणारा मॅग्नेशियमचा स्क्रू, हा माझा विषय. असा स्क्रू काढायला रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागत नाही. पण मॅग्नेशियम पाण्यात झिजताना हायड्रोजन सोडतं, एका ग्रॅममागे सुमारे एक लिटर! सावकाश सुटला तर शरीर तो जिरवतं. भराभर सुटला तर हाडाभोवती वायूचे फुगे धरतात. म्हणून आम्ही रक्तातल्यासारख्या क्षारांच्या द्रावणात, 37 अंशांवर, मॅग्नेशियमचे तुकडे बांधून सोडतो आणि ब्युरेटमध्ये साठणाऱ्या हायड्रोजनवरून झिजेची गती मोजतो.

सगळे तुकडे एकाच कांबीतले. तरी मला कांबीचाच संशय आला, कारण लोखंडाचा अगदी किंचित अंशही या धातूला पोखरतो. अर्धा तास त्यातच गेला.

आमचे मदतनीस काका पूर्वी बार्जदुरुस्तीच्या कामावर होते. त्यांनी नुसतं वाकून पाहिलं.

"बाय, हे दोन कशाने बांधलेस?"

नेहमीची तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, संपली म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्या दोघांना स्टेनलेस स्टीलची तार बांधली होती. तिला गंज चढत नाही, एवढाच विचार केला होता.

"बार्जच्या बुडाला आम्ही झिंकाचे ठोकळे लावायचो. खारं पाणी झिंक खातं, पत्रा वाचतो. इथे तुझी तार वाचली."

माझ्या अंगावर काटा आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमचे शल्यविशारद लाम्बोत यांनी मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची पट्टी बसवली, ती स्टीलने जखडून. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले, कातडीखाली वायू साठला. हे मी कितीदा वाचलं होतं! आणि तीच जोडी स्वतःच्या हाताने द्रावणात सोडली होती. माझ्याकडे दोन तुकडे वाया गेले. लाम्बोत यांच्यासमोर माणसाचा पाय होता.

दोन्ही नोंदी मी रद्द केल्या, पण तुकडे ठेवले. तारेजवळची बाजू दिसेनाशी झाली होती, लांबची अजून चकचकत होती.

दुपारी काकांनी बाजारातून गरीची तंगूस आणली. सहाही तुकडे नव्याने बांधले, गाठी त्यांनीच मारल्या.