फुले सुकल्यावरही उरणारी रचना

घरातल्या मंगलकार्यासाठी पुष्परचना करताना मी गेली काही वर्षे ताज्या फुलांच्या बरोबरीने, आणि अनेकदा त्यांच्या जागीच, सक्युलंट म्हणजे मांसल पानांच्या वनस्पती वापरते. त्यांतल्या एचेव्हेरिया या वनस्पतीची पाने मध्यबिंदूभोवती कमळाच्या पाकळ्यांसारखी वर्तुळाकार रचलेली असतात, त्यामुळे रचनेत ती फुलाचे स्थान सहज घेते. मूळच्या मेक्सिकोतल्या या वनस्पतीला अठराव्या शतकातल्या अतानासियो एचेव्हेरिया या वनस्पतिचित्रकाराचे नाव दिलेले आहे, ही गोष्ट मला फार समर्पक वाटते. मात्र ती फूल नाही, तर खुडल्यानंतरही जिवंत राहणारे आणि पुन्हा रुजू शकणारे रोप आहे. रचनेतला प्रत्येक निर्णय, मग तो तारेचा असो, पाण्याचा असो वा भांड्याचा, या एका वस्तुस्थितीवरून घेतला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

खुडलेला गुलाब पाण्याविना काही तासांत मान टाकतो आणि एचेव्हेरिया मात्र कित्येक आठवडे टवटवीत राहते, याचे कारण तिच्या अन्न तयार करण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक झाडे पानांवरची रंध्रे दिवसा उघडतात आणि त्यांतून पाणी गमावतात. या कुळातल्या वनस्पती ती रात्रीच्या गारव्यात उघडतात, कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यावर अन्न तयार करतात. त्यांना रचनेत पाण्याची गरज नसते. उलट ओलाव्यानेच त्या कुजतात. म्हणून ओला स्पंज मी सक्युलंटच्या रचनेत अजिबात वापरत नाही.

खुडताना धारदार आणि स्वच्छ सुरीने दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून कापावे, खालची काही पाने अलगद बाजूला ओढून काढावीत आणि देठ दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावा. कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरली की बुरशीला आत शिरायला वाट राहत नाही. काढलेली पानेही टाकू नयेत, कारण कोरड्या मातीवर नुसती ठेवली तरी त्यांतल्या बऱ्याच पानांच्या बुडाशी नवे रोप फुटते. पानांवर जी पांढुरकी, पिठासारखी साय दिसते, ती मेणाची असते आणि उन्हापासून पानाचे रक्षण करते. बोट लागले की ती पुसली जाते आणि त्या पानावर पुन्हा येत नाही, त्यामुळे रोप नेहमी देठालाच धरावे.

तार लावणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. वीस किंवा बावीस गेजची तार पानांच्या लगेच खाली देठातून आडवी पार करावी, दोन्ही टोके खाली वळवून एकमेकांना पीळ द्यावा आणि त्यावर फुलवाल्यांची हिरवी टेप ताणून गुंडाळावी. रोप जड असेल तर दुसरी तार पहिलीला काटकोनात घालावी, म्हणजे गुच्छ हातात धरल्यावर ते डोलत नाही. तार वरून, मध्यबिंदूतून कधीही घालू नये, कारण वाढीचा कोंब तिथेच असतो. गोंदाने चिकटवण्याची पद्धतही रूढ आहे. पण गरम गोंद देठाच्या टोकाला लागला तर मुळे फुटण्याची जागाच भाजते, म्हणून मी ती टाळते.

सोबतची फुले निवडताना मी रंगापेक्षा ओलाव्याचा विचार आधी करते. स्टॅटिस, गोम्फ्रेना, नाचणीची सुकी कणसे आणि गव्हाच्या ओंब्या पाण्याविना टिकतात, म्हणून त्या सक्युलंटशेजारी निर्धास्त लावता येतात. निशिगंध हवाच असेल तर त्याचा दांडा पाण्याच्या छोट्या बंद नळीत खोचावा, म्हणजे शेजारी ओल जात नाही. एचेव्हेरियाच्या राखाडी-निळसर छटेला निशिगंधाचा पांढरा रंग फार शोभतो. झेंडूचा केशरी रंग मात्र तिला पुरता झाकून टाकतो. सर्वांत मोठे रोप मधोमध न ठेवता थोडे बाजूला आणि खालच्या पातळीवर ठेवावे, आणि एका कडेने सेडम या दुसऱ्या सक्युलंटच्या लोंबत्या फांद्या सोडाव्यात. जुनी लाकडी काठवट हे मला यासाठी सर्वांत आवडणारे भांडे आहे, कारण ते उथळ आणि रुंद असते. शेरासारख्या चिकाच्या वनस्पती मी हातात धरायच्या गुच्छात घेत नाही. त्यांचा पांढरा चीक त्वचेला झोंबतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करतो.

आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरही शिंदळ माकुडी नावाची, तारकाकृती किरमिजी फुलांची मांसल वनस्पती आहे. ती महाराष्ट्राबाहेर कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही आणि अत्यंत दुर्मीळ आहे, त्यामुळे सजावटीसाठी तिला हातही लावू नये. रचनेसाठी रोपवाटिकेत वाढवलेलीच रोपे घ्यावीत.

समारंभ संपल्यावर टेप आणि तार सोडवून, छिद्र पडलेला देठाचा भाग कापून, पुन्हा खपली धरू द्यावी आणि मग वाळू व विटांचा चुरा भरपूर घातलेल्या मातीवर रोप टेकवून ठेवावे. मुळे धरेपर्यंत पाणी घालण्याची घाई करू नये. पुण्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी उत्तम असतो, आणि त्याच थंडीत स्वच्छ उन्हामुळे अनेक जातींच्या पानांच्या कडांना लाली चढते, म्हणून रंगांच्या दृष्टीनेही हेच दिवस रचनेला सर्वांत अनुकूल ठरतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र कापलेल्या देठाला खपलीच नीट धरत नाही, म्हणून पावसाळ्यातल्या कार्यासाठी कोणी अशी रचना मागितली, तर मी रोपे न खुडता मुळांसकट लहान कुंड्यांतच ठेवते आणि काठवटीत कुंड्यांच्या कडा सुक्या शेवाळाने झाकते.