चार पंक्चर, खिळा एकही नाही: पुणे ते मालवण, आंबोलीमार्गे

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. मीटरवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला तर हायवेवरच्या पंक्चरच्या टपरीकडे गाडी वळवू नका, आधी डिकी उघडा. मी उघडली नाही. त्यापायी पुणे-मालवणसारख्या साध्या प्रवासात अकराशे रुपये गेले आणि वर एक चांगला टायर वाया गेला.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. पहाटे पाचला कोथरूडहून निघालो. मी, बायको आणि मागच्या सीटवर बाबा. बाहेर ११ अंश. नवले पुलापाशी दिवा लागला: घोड्याच्या नालेसारखं चित्र, मधोमध उद्गारचिन्ह. बाबा चष्मा वर सरकवून म्हणाले, "कढईत काहीतरी करपलंय वाटतं." बाबांनी आयुष्यभर फियाट चालवली. हवा बघायची त्यांची पद्धत म्हणजे खाली उतरून टायरला लाथ मारणे. नव्या कात्रज बोगद्याच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली, त्यांनी चारही टायरना मारली. "ठणठणीत आहेत. चल."

रेडियल टायर एरवीही खालून थोडा बसकाच दिसतो. हवेचा दाब ३३ पीएसआयचा (टायरची हवा मोजायचं माप) २५ झाला तरी ते डोळ्यांना कळत नाही, लाथेला तर नाहीच नाही.

गाडी ताब्यात घेताना शोरूममधल्या मुलाने सांगितलं होतं, "थंडीत लागतो सर तो दिवा, लक्ष नाही द्यायचं." अर्धं खरं होतं, म्हणूनच जास्त महागात पडलं. थंडीत हवेचा दाब खरंच उतरतो. तापमान दहा अंशांनी घसरलं की साधारण दीड-पावणेदोन पीएसआय जातात. मी शेवटची हवा ऑक्टोबरात भरली होती, तीही भर दुपारी, गाडी तासभर फिरवून आल्यावर, म्हणजे टायर तापलेले असताना ३३. टायर शाबूत असला तरी महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप जातात. दोन महिन्यांचे ते तीन, वर तापलेला टायर निवल्याचे आणि थंडीचे मिळून पाच, म्हणजे २५. बहुतेक गाड्यांत सांगितलेल्या दाबापेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी झाला की दिवा लागतो. अमेरिकेत २००० साली टायर फुटून गाड्या उलटण्याचं मोठं प्रकरण झालं, त्यानंतर तिथे कायदा आला आणि सप्टेंबर २००७ पासूनच्या नव्या छोट्या गाड्यांना हा दिवा सक्तीचा झाला. पंचवीस टक्क्यांचा आकडा त्याच नियमातला. ३३ चा पाऊण म्हणजे पावणेपंचवीस. दिवा खोटं बोलत नव्हता, हवा खरंच कमी होती. पंक्चर मात्र नव्हतं. हे गणित मी मालवणला पोचल्यावर झोपाळ्यावर बसून केलं. नवले पुलावर केलं असतं तर हा वृत्तांत लिहावा लागला नसता.

शिरवळजवळच्या एका पंपावर थांबलो. हवा मारणारा पोरगा अर्धवट झोपेत होता. त्याने चारही चाकांत हवा भरली, डाव्या मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हची, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या तोंडाची, टोपी लावलीच नाही, आणि मीही बघितलं नाही. त्याच्या यंत्रावर ३३ दिसत होते. ते यंत्र तीन-चार पीएसआय खोटं बोलत होतं हे नंतर कळलं. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर दिवा विझला. बायको म्हणाली, "बघ, एवढंच होतं." खंबाटकीचा घाट, आणेवाडीचा टोल, सातारा सगळं मजेत गेलं.

आता तो टापू, जिथे मी फसलो. कराड सोडल्यावर सहापदरीकरणाची कामं सुरू होती: जागोजागी वळवलेला रस्ता, धूळ, कडेला थांबायला धड जागा नाही, मागून ट्रकचे हॉर्न. नेमका तिथेच दिवा परत लागला. अशा वेळी माणूस विचार करत नाही, जी पहिली सपाट जागा दिसेल तिथे वळतो. पहिल्या सपाट जागेवर टपरी का असते, हे आता मला नीट कळलंय.

टपरीवाला अतिशय नम्र. "साहेब, बसा सावलीत. काकांना पाणी द्या रे." चाक जॅकवर घेतलं, बाटलीतून साबणाचं पाणी मारलं, फडक्याने पुसत पुसत चाक फिरवलं. बायको गाडीत, बाबा पाण्याच्या शोधात, आणि मी? मला त्याने "तेवढा हँडब्रेक बघा की, सुटल्यासारखा वाटतोय" म्हणून पुढे पाठवलं. परत आलो तर चार ठिकाणी बुडबुडे. "चार हायती साहेब. जुना रस्ता, खिळं लई." एकाचे अडीचशे. टी आकाराचा टोच्या, भोकात तपकिरी चिकट स्ट्रिप, ब्लेडने कापलं, झालं. चारांचे हजार आणि "नायट्रोजन"चे शंभर. ते नायट्रोजन त्याच काळ्या काँप्रेसरमधून आलं ज्यातून शेजारच्या टेंपोला हवा चालली होती. तसंही आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मी विचारलं, खिळे कुठायत? "पडलं की साहेब तिकडंच मागं." आणि मी पैसे दिले! वर आभारही मानले. ट्यूबलेसचं एक पंक्चर गावात शंभर-दीडशेत निघतं हे मला माहीत होतं, तरी दिले. उन्हात उभं राहिलं की माणसाचं डोकं चालत नाही एवढंच म्हणेन.

जाता जाता त्याने पस्तीस मारली. "जरा जास्तच मारली, मालवणपर्यंत बघायला नको."

कोल्हापुरात जेवलो, निपाणीवरून आजऱ्याकडे वळलो. रस्ता चांगला आहे, सांगण्यासारखं काही नाही. चारच्या सुमारास आंबोलीत चहाला थांबलो आणि गाडी परत सुरू केली तर पिवळी कढई हजर. आता मात्र बायकोने ग्लोव्ह बॉक्समधून गाडीचं पुस्तक काढलं आणि स्टिअरिंगवरचं एक बटण दोनदा दाबलं. मीटरवर चारही चाकं आली, प्रत्येकाशेजारी आकडा. तीन चाकं ३१-३२ आणि डावं मागचं २४. सहा महिने ही गाडी चालवतोय आणि हे पान आतमध्ये आहे हे मला माहीत नव्हतं. सकाळी ते उघडलं असतं तर चारही चाकं सारखीच उतरलेली दिसली असती. चारही एकदम उतरली तर थंडी, एकटंच उतरलं तर गळती. दिवा फक्त हाक मारतो, खरी गोष्ट त्या आकड्यात असते.

(सगळ्या गाड्यांत हे पान नसतं. काहींत व्हॉल्व्हपाशी सेन्सर नसतोच; एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकं किती वेगाने फिरताहेत ते मोजतात, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त वेगाने फिरतं, त्यावरून दिवा लागतो. अशा गाडीत हवा भरल्यावर रीसेटचं बटण दाबावं लागतं, नाहीतर दिवा तसाच राहतो आणि टपरीवाल्याचं फावतं. आणि गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर अनेकदा हवा ठीक असते, बिघाड सेन्सरमध्ये असतो.)

माझ्या गाडीत स्टेपनी नाही. २०२० च्या नियमानंतर ट्यूबलेस टायर, हा हवेचा इशारा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. तेव्हा आंबोली घाट मी जीव मुठीत धरून उतरलो. घाटात वळणावर थांबायला जागा नाही, आणि थांबून करणार काय? बाबा मागून लॉटरीचे आकडे वाचावेत तसे वाचत होते. "चोवीस!" माकडं. "तेवीस!" दाणोली गेलं. "बावीस रे, बावीस!" मी मनात ठरवलं होतं, वीसच्या खाली गेलं तर जिथे असेन तिथे थांबायचं. हे तुम्हीही ठरवून ठेवा. कमी हवेवर पळवलेला टायर आतून तापतो, बाजूची भिंत दुमडून खराब होते, आणि बाजूने खराब झालेला टायर पंक्चर काढून चालवण्यातला नसतो.

सावंतवाडीत बाजाराच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या मामांचं दुकान. त्यांनी टायरकडे बघितलंही नाही. बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर धरली. एक बुडबुडा फुगला, फुटला, दुसरा फुगला.

"टोपी खंय गेली?"

मला काय माहीत.

"पंक्चर नाय. पिन गळता हा."

किल्लीने पिन, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली हवा अडवणारी बारीक खीळ, फिरवून काढली, जॅकवरचा टायर फुस्स करत रिकामा झाला. पिनेच्या रबरात वाळूचा एक कण रुतलेला, मोहरीएवढासुद्धा नाही. शिरवळच्या त्या नळीतून आत गेला असणार, आणि टोपी नाही म्हटल्यावर दिवसभर तासाला दोन पीएसआय गळत होते. नवी पिन, हवा, टोपी: पन्नास रुपये. मग मामांनी टायर फिरवून त्या चार स्ट्रिप बघितल्या. चारही एकाच खाचेत, वीत-वीतभर अंतरावर, अगदी सुईने टीप घालावी तशा. खिळा असा शिस्तीत लागत नाही. "ही त्येणीच पाडलेली आसत," मामा म्हणाले. "कितके दिलास?" मी आकडा सांगितला. मामांनी माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही म्हणून पान लावायला घेतलं.

आणि आता मुख्य गोष्ट. मालवणला सामान उतरवताना डिकीच्या तळाशी, खोक्यात, प्लास्टिकचं वेष्टणही न फाडलेलं किट सापडलं: चिकट द्रवाची बाटली आणि बारा व्होल्टचा छोटा काँप्रेसर, दाब दाखवणाऱ्या स्वतःच्या गेजसकट. म्हणजे पहाटे कात्रजलाच पंधरा मिनिटांत काम झालं असतं. बायको काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मालवणचे तीन दिवस उत्तम गेले. तारकर्लीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

तुम्ही निघणार असाल तर निघायच्या पहाटे, गाडी हलवायच्या आधी, थंड टायरवर हवा बघा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरवर कोरलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरू नका. काही पंपवाले तो वाचून ४४ भरतात. घाटावरून कोकणात उतरलात तर साध्या गेजवर आकडा आपोआप एक पीएसआयने कमी दिसेल, कारण समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब जास्त. त्यासाठी घाबरू नका. उलट, वाटेत तापलेल्या टायरचा आकडा तीन-चारने वाढतो, म्हणून हवा कमी करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी कढई परत दिसेल. स्वतःचं गेज ठेवा. पंपाच्या गेजवर मी आता विश्वास ठेवत नाही. पंपावर हवा फुकट असते, तेवढं मात्र हक्काने मागा.

साबणाच्या पाण्याची छोटी बाटली आणि पिनेची किल्ली सोबत ठेवा. पाणी आधी व्हॉल्व्हवर मारा, मग टायरवर. टपरीवर जावंच लागलं तर चाकापासून हलू नका, हँडब्रेक गेला खड्ड्यात. बुडबुडा दिसला की खडूने खूण, फोटो, आणि खिळा हातात दे मग पैसे. चाक उघडायचं म्हणाला तर आत सेन्सर आहे हे आधी ओरडून सांगा. तो व्हॉल्व्हपाशीच असतो, टायर उपसायची लोखंडी पट्टी चुकीच्या जागी घातली की तुटतो आणि काही हजारांना पडतो. किटमधला चिकट द्रवही अगदीच नाइलाज असेल तरच ओता, सेन्सरवर बसतो. आणि पिन बदललीत तर नंतर निकेलचा मुलामा असलेली बसवून घ्या. सेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन कालांतराने गंजून अडकते. टोपी प्लास्टिकचीच, धातूची दिसायला झकास पण तीही अडकते.

पुण्यात टायरवाल्याने चार स्ट्रिप एवढ्या जवळजवळ बघून हमी द्यायला नकार दिला, "हायवेला नेऊ नका" म्हणाला. नवा बसवला, सात हजार. जुना त्याच्याकडे न देता घरी आणलाय, गॅलरीत तुळशीशेजारी ठेवलाय. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या चार स्ट्रिप बोट लावून दाखवतात, टीप घातल्याच्या उपमेसकट, आणि शेवटी टायरला एक लाथ मारतात.