खुब्याचं फ्रॅक्चर आणि एक जुना दवाखाना

काही वर्षांपूर्वी बर्लिनमधल्या आमच्या हॉस्पिटलात रविवारची ड्यूटी होती. लंडनहून आलेल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आजी फुटपाथवर पडल्या होत्या; खुबा मोडलेला. वडिलांच्या जुन्या घरासमोर फुटपाथमध्ये वडिलांच्या नावाचा पितळी दगड बसणार होता (नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी इथे असे बसवतात), त्यासाठी आलेल्या. ऑपरेशन सकाळी. मी केस लिहून घेत होते, तर त्यांनीच विचारलं, "तुझी अप्रोबात्सियोन झाली का गं?" म्हणजे इथला प्रॅक्टिसचा परवाना. माझा कागदपत्रांत बरेच महिने अडकला होता, त्यामुळे मी जरा ऐटीतच हो म्हटलं.

"माझ्या वडिलांची काढून घेतली होती."

ते बर्लिनच्याच वेडिंग नावाच्या भागात मुलांचे डॉक्टर. तेव्हा जर्मनीतले जवळजवळ निम्मे बालरोगतज्ज्ञ ज्यू होते. एप्रिल १९३३ मध्ये ज्यू डॉक्टरांना सरकारी नोकरीतून आणि आरोग्य विम्याच्या यादीतून काढलं. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सूट होती, त्यात वडील वाचले. ३० सप्टेंबर १९३८ ला मात्र सरसकट परवाने रद्द. उरलेल्या तीन हजारांवर डॉक्टरांपैकी ७०९ जणांना फक्त ज्यू पेशंट बघायची मुभा मिळाली, तीही स्वतःला डॉक्टर न म्हणवता. वडील त्या ७०९ मध्ये नव्हते.

मला वाटलं, आता गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं सांगतील. आजींच्या डोक्यात बसला होता तो शेजारच्या गल्लीतला डॉक्टर. आधी अवघड केसेस वडिलांकडे पाठवायचा. परवाना गेल्यावर मोजपट्टी घेऊन आला आणि तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट, बाळांचा वजनकाटा, सगळं मातीमोल भावात उचललं. काट्याचं एक वजन हरवलं होतं, त्याचे पैसेही कापून घेतले.

जर्मन डॉक्टरांपैकी निम्म्याच्या आसपास नाझी पक्षाचे सभासद झाले होते. पुस्तकांत हे विचारसरणीच्या प्रकरणात येतं. माझ्या मते ते रिकाम्या झालेल्या जागा आणि पेशंट कुणाला मिळाले, त्या प्रकरणात यायला हवं.

त्या डिसेंबरात ज्यू मुलांना इंग्लंडला पाठवत होते, त्यात आजी गेल्या. आई-वडिलांना १९४३ मध्ये ऑशवित्झच्या मृत्युछावणीत नेलं.

"युद्धानंतर त्या डॉक्टरला भेटलात?"

"फोन केला. वडिलांचाच नंबर. तोही घेतला होता त्याने. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, विमा कोणता आहे?"

"मग?"

"मग काय, ठेवला फोन. तुमच्या भुलीच्या डॉक्टरांना बोलाव, मला त्यांना माझ्या रक्त पातळ करायच्या गोळीचं सांगायचंय."