शेडवर लिंब पडला

आमच्या परसातला कडुलिंब वाऱ्यानं पडला, असं मी पहिले दोन दिवस सगळ्यांना सांगत होतो. खरं तर तो मीच पाडला. गेल्या वर्षी ड्रेनेजची लाइन बदलताना खोडापासून हातभर अंतरावर चर खणला, आडवी आलेली मनगटाएवढी मुळं कुऱ्हाडीनं तोडली आणि वरून पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. अंगण झकास दिसत होतं. मेच्या शेवटी वळीव आला. त्याआधी सोलापुरात उठतो तसा धुळीचा लोट उठला. वारा नेमका चराच्या बाजूनं होता आणि तिकडं धरून ठेवायला मुळंच नव्हती. लिंब मागच्या शेडवर आडवा झाला.

शेड म्हणजे अण्णांचा कारखाना. चादरीचे चार माग होते. जेकॉर्ड, म्हणजे नक्षीसाठी कुठली सुतं उचलायची ते कार्डांच्या भोकांवरून ठरवणारं यंत्र, मागाच्या डोक्यावर बसतो, म्हणून शेड चांगलं चौदा फूट उंच. माग कधीच भंगारात गेले. उरले ते जेकॉर्डच्या कार्डांचे गठ्ठे. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोरीत ओवलेली, एका डिझाइनचा एक गठ्ठा. त्यांच्यावर ऐन वळवात आभाळ उघडं पडलेलं.

झाड तोडणाऱ्यानं बारा हजार सांगितले, वर 'पत्र्याची गॅरंटी नाही' हेही ऐकवलं. पत्रे आणखी फुटणार असतील तर ते मी फुकटात फोडतो म्हटलं. शेजारचे मामा भिंतीवरून ऐकत होते. मामांची उभी हयात मागांवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा मिस्त्री, म्हणून गेली. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. ते म्हणाले, "घाई करू नको बे. आधी बघ कोण कुणाला धरून बसलंय."

पण पहिला दिवस वायरीतच गेला. खांबावरून मीटरकडं येणारी सर्व्हिस वायर एका फांदीखाली दाबली गेली होती. मेन स्विच बंद केला म्हणजे झालं, अशी माझी समजूत. मामांनी वेड्यात काढलं. मेन स्विच मीटरच्या अलीकडं असतो, खांबापासून मीटरपर्यंतची वायर जिवंतच राहते. वायरमननं दुसऱ्या दिवशी दुपारी ती खांबावरून सोडवली. तोवर रात्रभर पंख्याविना सगळे गच्चीवर. तेवढ्या वेळात फोटो काढून महापालिकेत अर्ज दिला. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायचं तरी 1975च्या कायद्यानं परवानगी लागते. "पडलेल्याला कसली परवानगी?" असं अण्णा कुरकुरत होते, पण कागद हातात असलेला बरा.

मग बघत बसलो. खोडाचं एक टोक उपटलेल्या मुळांवर, दुसरीकडं ते शेडच्या भिंतीवर टेकलेलं. भिंतीपलीकडं शेंडा पत्र्यांवर, त्यातली एक फांदी पत्रा फोडून आत घुसलेली. शेडमध्ये कुणी जायचं नाही असं ठरलं. दारातूनच टॉर्च मारला. पत्र्यांखालचे दोन लोखंडी अँगल वाकले होते, पण कैची, म्हणजे छप्पर पेलणारी त्रिकोणी चौकट, शाबूत होती.

उंदीर कुरतडतात तशी सुरुवात केली. शेंड्याकडच्या बोटभर डहाळ्या कोयत्यानं, मग मनगटाएवढ्या फांद्या. सिमेंटच्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही, तो वरून दगडासारखा वाटतो आणि बिस्किटासारखा तुटतो. पत्र्यावर हुक बोल्टांची रांग दिसते, तिच्या खाली अँगल असतो. एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर जाईल अशी सेंटरिंगची फळी टाकून तिच्यावर बसलो. वाकलेल्या अँगलांकडं फिरकलो नाही. कमरेला दोर, त्याचं टोक घराच्या गच्चीवर. पुढच्या मजल्यासाठी सोडलेले खांबाचे बुंधे त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आले. (तो मजला अजून चढायचाय.)

भिंतीच्या अलीकडं खोड कापायला घेतलं आणि माझी अक्कल निघाली. वरून करवत चालवली, चार बोटं खोल गेली आणि जी गच्च बसली ती हलेना. मामा खालून ओरडले, "कुठं कापलालास बे? पाठ दबलीय तिथं!"

दोन्ही टोकांना टेकलेलं लाकूड मध्ये झुकतं. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. वरून खोल गेलं की फट मिटते आणि करवतीला चिमटा बसतो. त्यामुळं वरून पाव भागच कापायचं आणि बाकीचं खालून. भिंतीपलीकडं लोंबणाऱ्या फांदीचं मात्र उलटं: पाठ ताणलेली, पोट दबलेलं. तिथं आधी खालून थोडं, मग वरून, नाहीतर अर्ध्यात असतानाच फांदी चिरफळून साल ओढत येते. मामा सुताचा ताण बोटानं बघायचे, तसंच ते लाकडाला हात लावून सांगत होते. अडकलेली करवत फटीत पाचर ठोकून सोडवली आणि खोड तसंच ठेवून आधी शेंडा संपवला.

लाकूड दिसतं त्याहून फार जड. फूटभर जाडीच्या ओल्या लिंबाचा मीटरभर ओंडका साठ-सत्तर किलोच्या घरात जातो. भाचा गच्चीवर होता. ओंडक्याला बांधलेला दोर कठड्यावर पोतं टाकून वर नेला आणि खांबाच्या बुंध्याला दोन वेढे दिले. त्या वेढ्यांच्या जोरावर त्या काटकुळ्या पोरानं एकेक ओंडका अलगद अंगणात उतरवला. दोन वेढे का, हे त्याला आधी पटत नव्हतं. एक वेढा काढून बघितल्यावर तळहात सोलून पटलं.

शेवटी मुळांपासून दोन फुटांवर कापताना मामांनी सगळ्यांना लांब उभं केलं. वजन सुटलं तशी मुळांची थाळी मातीसकट धाडकन खड्ड्यात परत बसली आणि बुंधा उभा राहिला. जणू काही झालंच नव्हतं. शेजारची दोन पोरं सकाळी त्याच खड्ड्यात खेळत होती.

फुटलेले सहा पत्रे काढणं सगळ्यात कंटाळवाणं. ते अ‍ॅस्बेस्टॉसचे, धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. पाणी मारून ओले करायचे, मास्क लावायचा, हातोडा न चालवता जमेल तितके अख्खे उतरवायचे. मी दोन फोडलेच.

चार दिवस लागले. बारा हजार वाचले म्हणता म्हणता दोर, करवत, पत्रे धरून हिशेब कुठं गेला ते बायकोला विचारा. मामांनी पैसे घेतले नाहीत. ज्वारीत घालायला पोतंभर पाला नेला, एवढंच.

नवे पत्रे अजून यायचेत आणि मृग तोंडावर आलाय. सध्या शेडवर निळी ताडपत्री आहे. ती एका कोपऱ्यात गळते, म्हणून अण्णांनी कार्डांच्या गठ्ठ्यांवर प्लास्टिक टाकलंय आणि प्लास्टिक उडू नये म्हणून त्यावर आपल्याच मागावरच्या दोन जुन्या चादरी. मोराच्या.