गुरुवारच्या रात्रीचा कॅचर

पाडव्याला सकाळी साडेसहाला मी ऑफिसात होते. डब्यात शेजारच्या काकूंनी दिलेल्या चकल्या, एवढीच काय ती दिवाळी. 14 नोव्हेंबर 2023, मंगळवार. आमच्या धंद्यात ही तारीख म्हणजे निकालाचा दिवस, आणि निकाल लावणारे आम्हीच.

मी अमेरिकेतल्या एका मेजर लीग बेसबॉल संघाच्या संशोधन विभागात काम करते. संघाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे आणि त्यांनी ती पदरात घेतली. प्रत्येक संघाच्या हाताखाली दीडशेहून जास्त तरुण खेळाडू धाकट्या लीगांमध्ये खेळत असतात. पक्की यादी मात्र चाळीस जणांचीच. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारात आलेल्या पोराला पाच हंगामांत या यादीत घेतलं नाही, तर डिसेंबरच्या 'रूल फाइव्ह' निवडीत दुसरा संघ एक लाख डॉलर मोजून त्याला उचलू शकतो. अट एकच: उचललेल्याला पुढचा अख्खा हंगाम मुख्य संघाच्या सव्वीसांत ठेवायचं, नाहीतर निम्म्या पैशांत पहिल्या संघाला परत देऊ करायचं. कोणाला वाचवायचं हे त्या दिवशी आमच्या घड्याळात दुपारी तीनच्या आत कळवायचं होतं. आमच्याकडे जागा उरली होती एक आणि नावं होती दोन. एक ताशी शंभर मैलांच्या आसपास फेकणारा पिचर आणि एक बावीस वर्षांचा व्हेनेझुएलाचा कॅचर.

कॅचरचं मोजमाप माझ्याकडे असतं. मी जळगावची. तिकडे शाळाशाळांत सॉफ्टबॉल चालतो, आणि मी आठवीपासून कॅचर. पट्टा सैल झालेला मास्क, कापूस बाहेर आलेला चेस्ट गार्ड, मे महिन्यातलं ऊन. आमचे सर एकच वाक्य सांगायचे, "बॉल पकडू नको, घे." त्या 'घे'चा अर्थ मला इथे येऊन आकड्यांत कळला.

क्रिकेटवाल्यांना वाटतं कॅचर म्हणजे विकेटकीपर. बसण्यापुरतं खरं आहे. पण कीपर चेंडू कसा घेतो त्यावरून पंच वाइड ठरवत नाही. इथे बॅटरजवळची जमिनीतली पाटी, म्हणजे प्लेट, सतरा इंच रुंद, तिच्या कडेवर बॉल येतो, आणि मागे उभ्या पंचाला क्षणात ठरवायचं असतं, आत होता म्हणून 'स्ट्राइक' की बाहेर होता म्हणून 'बॉल'. चांगला कॅचर मिट, म्हणजे त्याचा ग्लोव्ह, आधीच खाली ठेवतो, बॉल येताना हात खालून वर येतो आणि मधोमध थांबतो. पंचाला वाटतं, आतच होता की. याला फ्रेमिंग म्हणतात. कडेवरच्या एका पिचचा, म्हणजे पिचरने फेकलेल्या एका बॉलचा, निकाल असा फिरवला, तर ढोबळ हिशेबाने एक अष्टमांश रन पदरात पडतो. आठ फिरवले की एक रन, आणि दहाएक रनांचा एक विजय. 2012 च्या हिवाळ्यात पिट्सबर्गने रसेल मार्टिनला दोन वर्षांसाठी 1 कोटी 70 लाख डॉलरला घेतलं, तेव्हा त्याच्या बॅटिंगकडे बघणाऱ्यांनी नाकं मुरडली होती. पुढच्या वर्षी तो संघ वीस पराभूत हंगामांनंतर प्लेऑफमध्ये पोचला. एकट्या मार्टिनमुळे नव्हे, पण कॅचरच्या मिटकडे बघायची दृष्टी सगळ्यांना त्यानंतर आली.

आता आमच्या पोराबद्दल. सोळाव्या वर्षी त्याला कोणी घेतला नव्हता. तिसऱ्या बेसवर खेळायचा, पाय जड. 2019 साली अठराव्या वर्षी स्वस्तात करार झाला आणि कोणीतरी म्हणालं, याला खाली बसवून बघा. 2020 चा हंगाम कोविडने गेला, धाकट्या लीगा भरल्याच नाहीत. म्हणजे कॅचर म्हणून त्याचे खरे हंगाम तीन. हात चांगला, दुसऱ्या बेसपर्यंतचा थ्रो दोन सेकंदांच्या आत. 2023 मध्ये बेस मोठे झाले होते, पिचरने बेसवरच्या धावपटूसाठी मागे वळून फेकण्यावर मर्यादा आली होती, आणि लीगभर बेस चोरण्याच्या, म्हणजे पिच चालू असतानाच पुढच्या बेसवर पळण्याच्या, दर पाच प्रयत्नांपैकी चार यशस्वी होत होते. अशा वर्षात हे चोर अडवणाऱ्या हाताला भाव होता.

पण फ्रेमिंगचा आकडा? शून्याच्या आसपास. ना वाईट, ना चांगला. मी तो आठवड्यापूर्वीच पाठवला होता, आणि त्यावरच खरेदीची यादीही बनली होती. आमचा दुसरा कॅचर हंगाम संपताच मोकळा झाला होता. पोर तयार नाही, तेव्हा बाजारातून दोन वर्षांसाठी कोणीतरी घ्यावा, असा सूर होता.

हा सूर एकाच माणसाला मान्य नव्हता. धाकट्या संघांच्या कॅचर्सचे कोऑर्डिनेटर, साठीला आलेले, स्वतः बरीच वर्षं धाकट्या लीगांत मिट घालून बसलेले. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारते, पण मनात ते काकाच. त्यांच्या उजव्या हाताची बोटं वेगवेगळ्या दिशांना बघतात. माझा अंगठाही एका फाउल टिपमुळे, बॅटला निसटता लागून आलेल्या बॉलमुळे, जरा वाकडाच आहे. पहिल्या भेटीत त्यांनी आधी अंगठा बघितला, मग मला नाव विचारलं.

त्या सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "तुझा आकडा खोटं बोलतोय. खालच्या पिचवर हा पोरगा चोर आहे. मी एका शनिवारी मागे उभा राहून बघितलंय."

मी नेहमीचं उत्तर दिलं, एक शनिवार म्हणजे हंगाम नव्हे. ते काही न बोलता एक चकली उचलून गेले.

बोललेलं टोचत राहिलं म्हणून मी त्याच्या खराब निकालांचे व्हिडिओ काढले. आकड्यांनी सांगितलेले त्याचे सगळ्यात वाईट पंधरा-वीस पिच. पहिल्या तीनचारांत काही दिसलं नाही. मग लक्षात आलं की तो मुळी प्रयत्नच करत नाहीये. खालचा पिच, मिट सरळ खाली जाऊन घेतलेला, जसा आपण फेकलेला रुमाल झेलतो. पोटरीत काही नाही, मनगटात काही नाही. आणि मागचा पंच 'बॉल' देतोय, पण उशिरा. प्रत्येक वेळी तेवढाच उशीर. असा उशीर विचार करणाऱ्या माणसाचा नसतो, कानात काहीतरी ऐकणाऱ्याचा असतो.

ट्रिपल-ए, म्हणजे मेजरच्या लगेच खालच्या लीगमध्ये 2023 साली मंगळवार ते गुरुवार स्ट्राइक-बॉल यंत्र ठरवायचं आणि पंच कानातून ऐकून नुसता हात हलवायचा. शुक्रवार ते रविवार पंच स्वतः ठरवायचा, खेळाडूंना त्याच्या निकालाला मोजकी आव्हानं देता यायची. यंत्रापुढे फ्रेमिंगला अर्थ नाही, म्हणून मंगळवार ते गुरुवारचे सगळे सामने मी हिशेबातून वगळलेले होते. निदान माझी तशी समजूत होती. शीटमध्ये या सामन्यावर लिहिलं होतं शुक्रवार. आणि व्हिडिओत, डाव्या मैदानाच्या भिंतीवरच्या फलकावर, स्वस्त बिअरची जाहिरात: थर्स्टी थर्स्डे. धाकट्या लीगांच्या मैदानांवर गुरुवारी हे असतंच. शुक्रवारी कोण लावेल?

मी फलकाकडे बघत बसले होते तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ. साडेदहा वाजले होते.

"ताई, भाऊबीज लागली! ओवाळणी पाठव, नाहीतर आईला सांगतो."

"अरे, इथे अजून पाडवाच आहे. आणि ओवाळणी तू द्यायची असते, गाढवा."

"इथे पंधरा तारीख आहे. बारा वाजले बघ."

त्याच्या मेसेजवर पंधरा आणि माझ्या भिंतीवर चौदा. मी त्याला नीट निरोपही दिला नाही, फोन ठेवला.

सामन्याचा वार मी सुरू होण्याच्या वेळेवरून काढत होते, आणि ती वेळ आमच्या साठ्यात ग्रीनिचच्या घड्याळाने लिहिलेली असते. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातचा सामना ग्रीनिचला अकरा वाजता सुरू होतो, तारीख तीच. पण आमचा ट्रिपल-ए संघ पश्चिमेकडे खेळतो. तिथे सात म्हणजे ग्रीनिचला मध्यरात्र उलटून गेलेली. गुरुवारची रात्र माझ्या हिशेबात शुक्रवार होऊन आत शिरत होती. साठ्यातून माहिती काढणारी आज्ञा, म्हणजे क्वेरी, लिहिली तेव्हा मी तपासणीसाठी चार सामने घेतले होते. चारही पूर्वेकडचे. त्यावरून अजूनही कान गरम होतात.

आणि गुरुवार हा या पोराचाच वार होता. तिथला अनुभवी कॅचर शुक्रवारी प्लेटमागे बसायचा म्हणून गुरुवारी सुट्टी घ्यायचा. धरलेल्या सामन्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा अशा रात्रींचा, जिथे पोरगा शहाणपणाने गुडघे वाचवत होता. मी त्याला त्याबद्दल गुण कापले होते.

एक ओळ बदलली. शेजारच्या सहकाऱ्याकडून तपासून घेतली, या वेळी पश्चिमेचे सामने घेऊन. मधोमध असलेला मुलगा ट्रिपल-एच्या कॅचर्सच्या यादीत वरच्या चौथ्या हिश्शात गेला.

एक वाजताच्या बैठकीत मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "गेल्या आठवड्याचा आकडा चुकीचा होता. माझी चूक. तारखेची." आठ-नऊ माणसं. असिस्टंट जनरल मॅनेजर (जीएम) म्हणाले, "आणखी कोणी तपासलं?" सहकाऱ्याने हात वर केला. "ठीक. पुढे." रागावले असते तर बरं वाटलं असतं. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, आता पोरगा यादीत जाणार. वाद अर्धा तास चालला आणि तो भलतीकडेच गेला. असिस्टंट जीएमचं म्हणणं असं: पिचर उघडा ठेवला तर तो शंभर टक्के जातो, कारण कच्चा पिचर बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, लपवता येतो. कच्चा कॅचर कुठे लपवणार? आठवड्यातून दोन दिवस त्याला खेळवायलाच लागतं, आणि तो घसरला की बरोबर पिचरही घसरतात. वर्षभर तिसरा कॅचर बाकावर पोसणारा संघ मला दाखवा. कोणाला दाखवता आला नाही. काका एवढंच म्हणाले, "तो जाईल याची भीती मला नाही. तो चांगला आहे हे इथे कोणाला माहीत नव्हतं, त्याची आहे."

अडीचला यादी गेली. पिचर आत, कॅचर बाहेर. मात्र दोन वर्षांच्या करारासाठी ज्यांच्याशी बोलणी चालली होती ती त्याच संध्याकाळी थंडावली, आणि शोध एका वर्षापुरत्या म्हाताऱ्या कॅचरचा सुरू झाला. बाजारात असे असतात. मार्टिन माल्डोनाडो त्या हंगामात .191 ने (म्हणजे पाचांत एकही हिट धड नाही) बॅटिंग करूनही पुन्हा मोकळ्या बाजारात उभा होता, कारण पिचरला शांत ठेवणं बॅटच्या आकड्यात येत नाही. आम्ही घेतला तो दुसराच कोणी, पण जात तीच. एक वर्ष, म्हणजे 2025 ची जागा कोणासाठी तरी रिकामी राहिली.

रात्री साडेबाराला वानखेडेवरची वर्ल्ड कपची सेमीफायनल सुरू झाली. झोप येणार नव्हतीच. कोहलीचं पन्नासावं शतक, शमीच्या सात विकेट्स, आणि मी बघत होते के. एल. राहुलच्या ग्लोव्हजकडे. तोही बॅट्समनचा कीपर झालेला. भाऊ मेसेज करत होता, मी उत्तर देत होते, कॅच चांगला घेतला. तो म्हणाला, ताई, तू मॅच बघतेस की नोकरी करतेस?

6 डिसेंबरला नॅशव्हिलमध्ये रूल फाइव्ह झाली. मी गेले नव्हते, इंटरनेटवर आवाज ऐकता येतो. ओकलंडने पहिला उचलला, यांकीजचा पिचर मिच स्पेन्स. एकेका संघाचं नाव पुकारलं जातं. घेतलं तर नाव, नाहीतर 'पास'. एका संघाने आमच्या पोराची चौकशी केल्याचं कानावर होतं. त्यांचं नाव पुकारल्यावर दोन सेकंद काही ऐकू आलं नाही. माझा हात डब्यावर होता तिथेच. मग त्यांनी एक पिचर घेतला. मुख्य फेरीत दहा जण गेले, त्यांत एकही कॅचर नव्हता.

मी खूश झाले, आणि लगेच हिशेब आठवला. उचलला गेला असता आणि टिकला असता, तर 2024 ला त्याला मेजर लीगचा किमान पगार मिळाला असता, 7 लाख 40 हजार डॉलर. ट्रिपल-एचा किमान तेव्हा वर्षाला साधारण 35,800.

मार्चमध्ये सराव शिबिरात तो मागच्या मैदानावर भेटला. मी जाळीमागे टॅब्लेट घेऊन, तो मास्क डोक्यावर चढवून. माझं स्पॅनिश मोडकंतोडकं, त्याचं इंग्रजी बरं. गुरुवारचं त्याला काकांनी सांगितलेलं होतं. त्यावर नुसता हसला, आणि गुडघ्यावर टिचकी मारून म्हणाला, यांना विचार. मी विचारलं, डिसेंबरला ऐकत होतास?

"हो. आईबरोबर, मोबाईलवर. तिला इंग्रजी अजिबात येत नाही." मग मास्क खाली ओढता ओढता म्हणाला, "आता एक शब्द येतो. 'पास'."

पिचरने खूण केली आणि तो खाली बसला.